पाठ असलेल्या विनोदाचे हसू

१ जुलै २०१४ ची संध्याकाळ. लंडनमधील 'ओटू अरिना' या अवाढव्य सभागृहात सुमारे पंधरा हजार प्रेक्षक जमले होते. रंगमंचावर येणार होते पाच विनोदी कलावंत, आणि पाचही जणांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. सादर होणार होती ती प्रहसने बहुतांशी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची. त्यांतील प्रत्येक वळण, प्रत्येक उत्तर, एवढेच नव्हे तर उत्तरापूर्वीचा क्षणभराचा थांबाही प्रेक्षकांपैकी पुष्कळांना तोंडपाठ होता. तरीही पहिल्या प्रयोगाची तिकिटे विक्रीला खुली झाल्यावर अवघ्या साडेत्रेचाळीस सेकंदांत संपली होती, आणि एका प्रयोगाचा बेत पाहता पाहता दहा प्रयोगांवर गेला होता.

'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश चमूच्या या पुनर्भेटीने विनोदाविषयीचा एक जुनाच प्रश्न नव्याने समोर आणला. विनोद म्हणजे अपेक्षाभंग, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ताणून धरलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरते तेव्हा हसू फुटते, अशा आशयाचे विवेचन जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९० मध्ये केले होते. हे खरे मानले, तर पुढे काय होणार हे ज्याला पक्के ठाऊक आहे त्याला हसू येताच कामा नये. एकदा फुटलेला फुगा पुन्हा फुटत नाही. मग त्या पंधरा हजारांना हसू कशाचे येत होते?

या कोड्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पायथन मंडळींचे 'स्पॅनिश इन्क्विझिशन' हे प्रहसन. मध्ययुगाच्या अखेरीस स्पेनमध्ये पाखंड्यांना छळणारे धर्मन्यायपीठ लाल झग्यांत एका साध्यासुध्या इंग्रज घरात धाडकन घुसते आणि आपण येऊ अशी अपेक्षा कोणीच करत नाही, अशी फुशारकी मारते. मग म्होरक्या आपली शस्त्रे मोजू लागतो, मोजणीत चुकतो आणि पुन्हा बाहेर जाऊन नव्याने आत येतो. सारा विनोद अनपेक्षित आगमनाचा. २२ सप्टेंबर १९७० रोजी बीबीसीवर ते प्रथम दिसले, तेव्हा ते खरोखरच अनपेक्षित होते. २०१४ मध्ये मात्र सभागृहातील प्रत्येक जण त्याच क्षणाची वाट पाहत होता. विनोदाचा पायाच काढून घेतला गेला होता, आणि तरी इमारत उभी होती.

छोट्या पडद्यावरून मोठ्या मंचावर

'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' ही मालिका बीबीसीवर ५ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री उशिरा सुरू झाली. केंब्रिजचे जॉन क्लीज, ग्रॅहॅम चॅपमन व एरिक आयडल, ऑक्सफर्डचे मायकेल पेलिन व टेरी जोन्स आणि अमेरिकेतून आलेले व्यंगचित्रकार टेरी गिलियम अशा सहा जणांचा हा चमू. लेखन त्यांचे, अभिनयही त्यांचाच. १९७४ पर्यंत एकूण ४५ भाग झाले. चौथ्या आणि अखेरच्या मालिकेचे सहा भाग क्लीज यांच्याविना झाले.

या मंडळींनी दूरचित्रवाणीवरील विनोदाची घडीच मोडली. प्रहसन म्हटले की त्याला शेवट हवा, शेवटी पंचलाइन हवी, मग टाळ्या आणि अंधार, ही जुनी रीत. पायथन मंडळींचे म्हणणे असे की पुष्कळ प्रहसने मध्यापर्यंत उत्तम असतात आणि केवळ पंचलाइनच्या हव्यासाने शेवटी कोलमडतात. त्यांनी शेवटच काढून टाकला. प्रसंग रंगात असताना चॅपमन लष्करी कर्नलच्या वेशात येऊन 'हा मूर्खपणा पुरे' म्हणत तो बंद पाडत, किंवा गिलियम यांच्या कात्रणचित्रांतील एखादा राक्षसी पाय वरून येऊन सारे चिरडून टाकत असे. एका प्रसंगातून दुसऱ्यात घसरत जाणारा हा विनोद संकलनाच्या टेबलावर घडत होता.

म्हणूनच तो रंगमंचावर आणणे सोपे नव्हते. रंगमंचावर कात्री नसते. एक प्रहसन संपले की कलावंताला विंगेत जाऊन वेश बदलावा लागतो, नेपथ्य हलवावे लागते, आणि तेवढा वेळ प्रेक्षकाला धरून ठेवावे लागते. १९७१ च्या आरंभी कॉव्हेन्ट्रीच्या बेलग्रेड थिएटरमध्ये मध्यरात्रीच्या खेळांनी या चमूचे रंगमंचावरील पदार्पण झाले. १९७३ मध्ये ब्रिटन व कॅनडाचा दौरा झाला. १९७४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन येथील ऐतिहासिक थिएटर रॉयलमध्ये दोन आठवड्यांसाठी ठरलेले प्रयोग चार आठवडे चालले. १९७६ मध्ये न्यूयॉर्कचे सिटी सेंटर आणि सप्टेंबर १९८० मध्ये लॉस एंजल्सचे खुले हॉलीवूड बोल. तेथील चार रात्रींवरून केलेला चित्रपट १९८२ मध्ये प्रदर्शित झाला.

या प्रवासात प्रयोगाचा एक साचा तयार झाला. ज्या प्रहसनांना फक्त दोन माणसे, एक टेबल आणि भरपूर भांडण पुरते, ती पुढे आली. कलावंत वेश बदलत असताना पडद्यावर चित्रफिती दाखवल्या जाऊ लागल्या. जर्मन दूरचित्रवाणीसाठी चमूने केलेल्या दोन विशेष भागांतील तत्त्वज्ञांचा फुटबॉल सामना हॉलीवूड बोलमध्ये अशाच मधल्या वेळी दाखवला गेला. विद्यापीठीय दिवसांतील जुना मालही उपयोगी पडला. विशेष म्हणजे पायथन मंडळींच्या रंगमंचीय प्रयोगांतील अत्यंत लोकप्रिय असे 'चार यॉर्कशायरवाले' हे प्रहसन 'फ्लाइंग सर्कस'मध्ये कधी नव्हतेच. ते १९६७ च्या 'ॲट लास्ट द १९४८ शो' या आधीच्या मालिकेतले. टिम ब्रूक-टेलर, क्लीज, चॅपमन आणि मार्टी फेल्डमन यांनी लिहिलेले.

त्या प्रहसनात सुखवस्तू झालेले चार वृद्ध आपल्या लहानपणीच्या गरिबीच्या फुशारक्या मारतात. प्रत्येकाची गरिबी आधीच्यापेक्षा भयंकर. १९६७ मध्ये ते साकारणारी मुले पंचविशी-तिशीतली होती, वृद्धपणाची नक्कल करत होती. २०१४ मध्ये तेच प्रहसन सादर करणारे खरोखरच वृद्ध, खरोखरच सुखवस्तू आणि खरोखरच जुन्या दिवसांबद्दल बोलणारे होते. संहिता तीच राहिली, तिच्याभोवतीचे आयुष्य मात्र पुढे गेले होते.

ध्वनिमुद्रिका आणि शाळेचे मैदान

प्रेक्षकांना हे सारे पाठ झाले कसे, हेही पाहण्याजोगे आहे. मालिका सुरू होती तेव्हा घरोघरी व्हिडिओ यंत्रे नव्हती. भाग एकदा प्रक्षेपित झाला की पुनर्प्रक्षेपणाची वाट पाहायची. चमूने मात्र १९७० पासून आपल्या प्रहसनांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. या तबकड्या घरी पुन्हा पुन्हा वाजवता येत. शाळकरी मुलांनी त्या ऐकून संवाद पाठ केले आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर, वसतिगृहात, बसमध्ये परस्परांना म्हणून दाखवले. ज्याला पोपटाचे प्रहसन न चुकता येई, त्याचा वर्गात भाव वधारे. अमेरिकेत १९७४ पासून सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रांनी मालिका दाखवायला सुरुवात केली आणि तेथेही हाच पाठांतराचा संप्रदाय उभा राहिला.

अशा रीतीने प्रहसनांची मालकी नकळत बदलत गेली. लेखकांनी ती लिहिली होती, पण जतन केली ती प्रेक्षकांनी. 'जतन' हा शब्द येथे अतिशयोक्तीचा नाही. त्या काळात चित्रफिती महाग असत आणि जुने कार्यक्रम पुसून त्यांवर नवे मुद्रित करण्याची पद्धत बीबीसीत होती. पीटर कुक आणि डडली मूर यांच्या 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' या गाजलेल्या मालिकेचे बरेच भाग असेच नाहीसे झाले. 'फ्लाइंग सर्कस'च्या टेपाही पुसल्या जाणार असल्याची चाहूल लागताच त्या गुपचूप बाहेर आणून घरच्या व्हिडिओ यंत्रावर प्रती काढून ठेवल्याची हकीकत टेरी जोन्स यांनी सांगितली होती. आपल्या विनोदाची स्मृती टिकावी म्हणून धडपडणारा हा माणूस. पुढे जे घडले त्याच्या पार्श्वभूमीवर ही हकीकत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मराठी नाट्यरसिकाला हा मामला अगदीच परका वाटू नये. संगीत नाटकाचा प्रेक्षक पद प्रथमच ऐकायला जात नसे. ते त्याला पाठच असे. पण आज गायक ती जागा कशी घेतो, हे पाहायला तो जाई आणि मनाजोगती घेतली की 'वन्स मोअर' देई. गाण्याच्या बाबतीत हे सहज पटते. विनोदाच्या बाबतीतही तसेच होऊ शकते, हे पायथन मंडळींच्या प्रयोगांनी दाखवून दिले.

एका पोपटाचे चरित्र

पाठ झालेल्या विनोदाचे काय काय होऊ शकते, हे समजून घ्यायचे तर मेलेल्या पोपटाच्या प्रहसनाचा प्रवास पाहावा. पेलिन यांच्या ओळखीतील एक गॅरेजवाला गाडीतील कोणताही दोष मान्यच करत नसे. त्यावरून १९६८ च्या 'हाऊ टू इरिटेट पीपल' या कार्यक्रमात मोटारविक्रेत्याचे एक प्रहसन झाले. क्लीज आणि चॅपमन यांनी पुढे त्यातील मोटार काढून पोपट घातला. ७ डिसेंबर १९६९ रोजी 'फ्लाइंग सर्कस'मध्ये ते आले. ग्राहक क्लीज, दुकानदार पेलिन. पोपट मेला आहे हे ग्राहक परोपरीने सांगतो आणि तो केवळ विश्रांती घेत आहे हे दुकानदार तितक्याच निष्ठेने सांगत राहतो. अखेर ग्राहक मृत्यूच्या जेवढ्या म्हणून शब्दप्रयोगांची इंग्रजीत सोय आहे, ते सारे एका दमात दुकानदाराच्या अंगावर फेकतो.

१९८९ मध्ये या प्रहसनाला दोन वेगळी रूपे मिळाली. 'ॲम्नेस्टी इंटरनॅशनल'च्या मदतीसाठी लंडनमध्ये झालेल्या प्रयोगात क्लीज पोपट घेऊन आले, तक्रार केली आणि पेलिन यांनी ती तत्काळ मान्य करून पैसे परत दिले. सारे प्रहसन काही सेकंदांत संपले. थॅचरबाईंच्या राजवटीत ग्राहकसेवा सुधारली, असा त्याचा रोख. हा विनोद पुन्हा शुद्ध अपेक्षाभंगाचा होता, पण तो कळण्यासाठी मूळ प्रहसन पाठ असणे आवश्यक होते. पाठांतर हेच येथे नव्या आश्चर्याचे भांडवल झाले.

दुसरे रूप दुःखाचे होते. ४ ऑक्टोबर १९८९ रोजी, 'फ्लाइंग सर्कस'च्या विसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ग्रॅहॅम चॅपमन यांचे कर्करोगाने निधन झाले. डिसेंबरमधील स्मृतिसभेत क्लीज बोलायला उभे राहिले आणि त्यांनी पोपटासाठी लिहिलेली मृत्यूच्या शब्दप्रयोगांची तीच माळ आपल्या सहलेखकासाठी वापरली. सभागृह हसले. ते हसू अनादराचे नव्हते. ज्याने ते शब्द लिहायला हात लावला होता, त्यालाच ते परत दिले जात होते.

१९९० मध्ये हुजूर पक्षाच्या अधिवेशनात पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या नव्या पक्षीचिन्हाची टर उडवायला हाच पोपट वापरला. विनोदाशी त्यांचे फारसे सख्य नव्हते. पण श्रोत्यांना संदर्भ पाठ असल्यामुळे काम भागले. त्यानंतर आठवडाभरातच त्या पक्षाने ईस्टबोर्नची पोटनिवडणूक जिंकून पोपट जिवंत असल्याचे दाखवून दिले, ही गोष्ट निराळी.

आणि मग १९९७. न्यूयॉर्कच्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या कार्यक्रमात क्लीज आणि पेलिन यांनी हे प्रहसन सादर केले, तेव्हा स्टुडिओतील प्रेक्षक जवळजवळ गप्प राहिले. प्रयोग पडला की काय, असे वाटावे अशी ती शांतता. पेलिन यांनी नंतर त्याचे कारण सांगितले. प्रेक्षकांचे ओठ हलत होते. ते मनातल्या मनात संवाद म्हणत होते. ज्याचे तोंड संवादात गुंतले आहे तो हसणार कसा?

या घटनेत पाठ असलेल्या विनोदाचा धोका स्पष्ट दिसतो. प्रेक्षकांची भक्ती एका मर्यादेपलीकडे गेली की प्रहसनाचे स्तोत्र होते. स्तोत्र म्हणताना चूक होऊ नये एवढीच काळजी असते, त्यात हसण्याला जागा नसते. कलावंतासमोरचा खरा प्रश्न मग असा राहतो, की संहितेला हात न लावता तिच्यात पुन्हा प्राण कसा आणायचा?

पैशाची निकड आणि चुकीची किंमत

२०१४ च्या पुनर्भेटीमागील कारण उदात्त नव्हते आणि ते कोणी लपवलेही नाही. १९७५ च्या 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' या चित्रपटाचे एक निर्माते मार्क फोरस्टेटर यांनी, त्यावर आधारित 'स्पॅमलॉट' या संगीतिकेच्या उत्पन्नातील वाट्यासाठी दावा लावला होता. जुलै २०१३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. थकबाकी आणि न्यायालयीन खर्च मिळून सुमारे आठ लाख पौंडांचा बोजा चमूवर पडला. २१ नोव्हेंबर २०१३ च्या पत्रकार परिषदेत पाचही जणांनी पैशाच्या गरजेवरच विनोद केले. आपले गृहकर्ज फिटावे एवढीच आशा जोन्स यांनी व्यक्त केली. प्रयोगाच्या जाहिरातीत चॅपमन यांच्या अनुपस्थितीचा उल्लेखही याच सुरात होता: एक गेला, पाच बाकी.

प्रयोगाचे दिग्दर्शन आयडल यांनी केले. नृत्यरचना आर्लीन फिलिप्स यांची, वाद्यवृंद जॉन डू प्रे यांचा, आणि पूर्वीपासून चमूबरोबर असलेल्या अभिनेत्री कॅरल क्लीव्हलंड याही सोबत होत्या. दीर्घ नृत्यप्रसंगांचा एक उपयोग सरळ होता. सत्तरीच्या कलावंतांना तेवढा वेळ श्वास घेता येत होता आणि वेशही बदलता येत होता. क्लीज यांची विचित्र चालीच्या मंत्र्याची भूमिका जगप्रसिद्ध. पण सांध्यांच्या शस्त्रक्रियांनंतर ते लांब पाय हवेत उडवणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून ती चाल तरुण नर्तकांच्या ताफ्याकडे सोपवली गेली. चॅपमन जुन्या चित्रफितींतून मोठ्या पडद्यावर अवतरत होते.

समीक्षकांची मते विभागली गेली. जुन्याच मालाची ही झगमगीत मांडणी आहे, असे काहींनी म्हटले, आणि तो आक्षेप अगदीच निराधार नव्हता. एवढ्या मोठ्या सभागृहात मागच्या रांगेतील प्रेक्षकाला कलावंताचा चेहरा दिसतच नाही. पेलिन यांच्या भुवयांची ती अपराधी हालचाल पाहायची तर पडद्याकडेच पाहावे लागते. म्हणजे दूरचित्रवाणीवरून रंगमंचावर आलेला विनोद फिरून पडद्यावरच गेला.

मग सभागृहात येऊन प्रेक्षकाला अधिक काय मिळाले? मिळाली ती चूक. पोपटाचे प्रहसन या वेळी चीजच्या दुकानाच्या प्रहसनाला जोडले होते. त्यात क्लीज ऐनवेळी काही तरी वेगळेच बोलत, पेलिन यांना हसू आवरत नसे, आणि दोघेही वाक्य हरवून बसत. दूरचित्रवाणीवर अशी चूक झाली असती तर पुन्हा चित्रीकरण केले गेले असते. येथे मात्र सर्वांत मोठा हशा तिलाच मिळे. कारण उघड आहे. संहिता पाठ असलेल्या प्रेक्षकाला संहितेपासून झालेली तसूभर फारकतही तत्क्षणी कळते. अनोळखी प्रहसनात कलावंत अडखळला तर तो कच्चा ठरतो. पाठ असलेल्या प्रहसनात तो अडखळला तर ते आजचे, याच रात्रीचे, पुन्हा न होणारे असे काही तरी ठरते. पाठांतराने हिरावलेले आश्चर्य अशा वाटेने परत येते. कलावंत विसरला तर पंधरा हजार जण त्याला आठवण करून द्यायला तयार असतात. प्रॉम्प्टर विंगेत नव्हे, प्रेक्षागृहात बसलेला असतो.

ज्याला आठवेना

पण विसरण्यालाही प्रकार असतात. टेरी जोन्स यांचे पाठांतर पूर्वी चोख असे. या प्रयोगांच्या तालमींत मात्र त्यांना संवाद लक्षात ठेवणे फार जड गेले आणि अखेर टेलिप्रॉम्प्टरचा आधार घ्यावा लागला. असे त्यांच्या बाबतीत पूर्वी कधी झाले नव्हते. ही वयोमानाने होणारी साधी विस्मृती नाही, काही तरी अधिक गंभीर आहे, हे तेव्हाच जाणवल्याचे पेलिन यांनी पुढे सांगितले.

सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांच्या आजाराची वार्ता जाहीर झाली. 'प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया' हा त्या विकाराचा वैद्यकीय उल्लेख. मेंदूच्या पुढील व कानशिलाजवळील भागांचा ऱ्हास करणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारांतील हा एक. यात आठवणींपेक्षाही आधी भाषेवर घाला पडतो. शब्द सापडेनासे होतात, वाक्ये तुटू लागतात, पुढे बोलणेच थांबते. 'लाइफ ऑफ ब्रायन'चा दिग्दर्शक, मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसर यांच्यावर ग्रंथ लिहिणारा अभ्यासक आणि अखंड बोलणारा माणूस, त्याच्या वाट्याला नेमका हा आजार आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेल्समधील 'बाफ्टा'चा विशेष पुरस्कार पेलिन यांच्या हस्ते स्वीकारायला जोन्स मुलासह व्यासपीठावर आले, तेव्हा त्यांना बोलणे जवळजवळ अशक्य झाले होते.

ओटू अरिनातील त्या दहा रात्रींकडे या प्रकाशात पुन्हा पाहिले की चित्र बदलते. क्लीज आणि पेलिन यांच्या चुका आनंदाच्या होत्या, कारण गमावलेला धागा ते दुसऱ्याच क्षणी पकडू शकत होते. त्यांच्या शेजारी उभा असलेला त्यांचा मित्र मात्र तोच धागा कायमचा सुटत असताना प्रहसने पार पाडत होता. स्वतः लिहिलेल्या, स्वतः जपलेल्या ओळी त्याला पडद्यावरून वाचाव्या लागत होत्या, आणि समोरच्या काळोखात बसलेल्या अनोळखी माणसांना त्या घडाघडा येत होत्या.

२० जुलै २०१४ चा अखेरचा प्रयोग अनेक देशांतील चित्रपटगृहांत थेट दाखवला गेला. शेवटी सर्वांनी मिळून 'लाइफ ऑफ ब्रायन'मधील ते प्रसिद्ध गाणे म्हटले. मग पडद्यावर चॅपमन यांचे जन्म-मृत्यूचे सन झळकले, १९४१ ते १९८९. त्याखाली चमूचेही: १९६९ ते २०१४. आणि प्रेक्षकांनी आता चालते व्हावे, अशा अर्थाचा एक अस्सल पायथनी शिवराळ निरोप. हळवेपणाला शेवटपर्यंत थारा द्यायचा नाही, हा बाणा त्यांनी पाळला.

टेरी जोन्स यांचे २१ जानेवारी २०२० रोजी निधन झाले. त्यानंतर पेलिन यांनी एका भेटीची आठवण सांगितली. अखेरच्या काळात ते मित्राला भेटायला गेले, तेव्हा दोघांनी पूर्वी मिळून लिहिलेला 'डॉ. फेग' हा विडंबनात्मक ज्ञानकोश हाती घेऊन त्यातील उतारे त्यांनी वाचून दाखवायला सुरुवात केली. जोन्स यांचे बोलणे तोवर थांबले होते. पण वाचन सुरू होताच त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटले आणि ते हसू लागले. पेलिन यांच्या मग लक्षात आले, की जोन्स सगळ्या उताऱ्यांना हसत नव्हते. जे उतारे त्यांनी स्वतः लिहिले होते, तेवढ्यांनाच हसत होते.

त्या हसण्यात आश्चर्याचा अंश नव्हता, अपेक्षाभंगही नव्हता. होती ती केवळ ओळख. हे आपले आहे, ही खूण. ओटू अरिनात पंधरा हजार माणसे ज्या हसण्यासाठी पैसे मोजून आली होती, तेही बहुधा याच जातीचे होते.